बाकावरचा कीपर

आमच्या कीपरना उडी मारलेली आवडत नसे. फुटबॉलची मॅच संपली की ते सावकाश गोलाशी, माझ्याजवळ यायचे. स्कोअरबद्दल एक शब्द नाही. मला गोल फिरायला लावायचे आणि जर्सी तपासायचे. कोपर, खुबा, गुडघा. कुठे माती दिसली की त्यांचा चेहरा पडायचा.

"किती येळा उडलीस?"

"तीनदा."

"म्हंजे तीनदा चुकीच्या जागंला उभी हुतीस."

एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेत मी वरच्या कोपऱ्यातला बॉल बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. अख्खं मैदान ओरडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, मी हवेत आडवी. गावाकडे आमच्या घरी तो फोटो कपाटाला चिकटवला गेला. मी पेपर घेऊन धावत कीपरच्या दुकानात गेले. त्यांनी चष्मा पुसला, लावला, फोटो उजेडात धरला आणि माझ्या डाव्या पायावर बोट ठेवलं.

"ह्यो पाय एक वीतभर हिकडं असता, तर बॉल छातीवर आला असता."

"मग फोटो आला नसता."

"तेच म्हंतोय," ते म्हणाले आणि पेपरची घडी घालून परत दिली.

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ त्यांचं टपरीवजा दुकान होतं. फाटलेले फुटबॉल, व्हॉलीबॉल शिवून द्यायचे, बॅडमिंटनच्या तारा ओढायच्या, व्हॉलीबॉलच्या जाळ्या विणायच्या. माणूस सहा फुटांवर, दुकानाचं छप्पर बुटकं, त्यामुळे ते कायम वाकलेले. डाव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडी बसलेली. ती सरळ व्हायची नाहीत, पण सुई त्याच दोन बोटांत धरायचे. मूळचे रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या फौजी. एका चुलत्यांचं पोस्टिंग गोव्यात होतं. हे सुट्टीला त्यांच्याकडे गेले, तिथल्या पोरांत खेळले, उंची बघून कुणीतरी गोलात उभं केलं, आणि सुट्टी संपली तरी परत आले नाहीत. पुढे तिथल्या एका मोठ्या क्लबात पगारी कीपर म्हणून राहिले, आणि तिथून परतल्यावर सांगलीत दुकान टाकलं. एवढं सगळ्या यार्डाला ठाऊक होतं. हमालापासून अडत्यापर्यंत सगळे त्यांना कीपरच म्हणत. मी सुरुवातीला 'सर' म्हणून पाहिलं. त्यांनी मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारतेय म्हणून.

त्यांच्या खांद्याला कायम एक निळी बॅग असायची. तिच्यात प्रत्येक गोष्ट एक जादा. जादा चप्पल, जादा चष्मा, जादा नाडी, शर्ट, टॉर्च, गूळ-शेंगदाण्याची पुडी. लग्नाला गेले तरी बॅग बरोबर. तासभर आधी पोचायचे आणि रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या खुर्चीवर बसायचे. पुढे या म्हटलं तरी येत नसत. "हितनं बरं दिसतं," म्हणायचे.

मी जत तालुक्यातली. आमच्या घरी मेंढरं. आता थोडं डाळिंबही झालंय, पण वडिलांची ओळख मेंढरांचीच. कॉलेजसाठी सांगलीच्या वसतिगृहात आले तेव्हा मी हँडबॉल खेळायचे. एक दिवस कॉलेजचा उसवलेला बॉल शिवायला घेऊन त्यांच्या दुकानात गेले. ते खाली मान घालून शिवत होते. वर न बघता म्हणाले, "हात बगू." मला वाटलं बॉल मागतायत. मी पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि माझे पंजे उलटसुलट करून बघितले, भाजी घेताना बघतात तसे. मी पैसे किती विचारत होते तेवढ्यात त्यांनी फळीवरचा एक फुटबॉल माझ्या तोंडावर फेकला. मी झेलला.

"डोळं मिटलं न्हाईस," ते म्हणाले. "उद्या सकाळी सहाला ये मैदानावर."

मी का गेले, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्यांनी शिवायचे पैसे घेतले नाहीत म्हणून.

पहिले दोन महिने बॉलला हात लावू दिला नाही. मुलींच्या फुटबॉल संघाचा सराव चालू असायचा आणि मी गोलात नुसती उभी. बॉल आला तर जाऊ द्यायचा. सराव संपला की कीपर खांबामागून विचारायचे, "काय बगितलंस?" अमकीने गोल मारला म्हटलं की चिडायचे. "त्ये तर आंधळ्याला बी कळतंय. मारायच्या आदी तिचा खुबा कुनीकडं हुता?" मला सांगता यायचं नाही. मग एका सकाळी ते मला थेट हळदीच्या सौद्याला घेऊन गेले.

सौदा निघाला की व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत जातो. पुकारणारा ओरडत असतो, हवेत पिवळी धूळ, सगळे एकमेकांना चिकटून. कीपरनी मला एका अडत दुकानाच्या पायरीवर बसवलं.

"आता फुडली बोली कोन देनार?"

"मला काय म्हायीत!"

"बग की. बोली तोंडात यायच्या आदी खांद्यात येती."

पंधरा दिवस माझी एकही बोली बरोबर आली नाही. यार्डातले लोक हसायचे, कीपरनी हळद घ्यायला पोरगी ठेवली काय म्हणायचे. मग एकदा दिसलं. एक जाडे शेठ बोली द्यायच्या आधी पायातल्या चपलेतून टाच काढायचे. दुसऱ्या एकाची हनुवटी आत जायची. महिनाभराने मी दहातल्या सहा-सात बोल्या आधी सांगू लागले. पुढे बंगळूरला एका परदेशी कोचने मला विचारलं, पेनल्टी मारणारीचं शरीर वाचायला कुठे शिकलीस. मी हळदीच्या बाजारात म्हटलं. त्याला वाटलं माझं इंग्रजी चुकलं.

ओरडायला त्यांनी कृष्णेच्या घाटावर शिकवलं. कीपरला पुढच्या मुलींवर ओरडता आलं पाहिजे, तिला सगळं मैदान दिसतं, बाकीच्यांना फक्त बॉल. माझा आवाज फुटायचा नाही. घाटावर उभं करून म्हणाले, "त्यो पल्याडचा काठ म्हंजे फॉरवर्ड. ओरड." मी लाजत लाजत ओरडले. त्यांनी कानाला हात लावला. मग मी पोटातून ओरडले, "डावीकडं ये!" आणि नदीत एक नाववाला खरंच डावीकडे वळला. कीपर त्या दिवशी मनापासून हसले. मी त्यांना असं फार थोड्या वेळा पाहिलं. मी पोरगी, पण मला ते 'गड्या' म्हणायचे, ते त्या दिवसापासून.

वडील मात्र एकदा तावातावाने सांगलीला आले. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते, स्थळं येत होती. दुकानासमोर उभं राहून त्यांनी कीपरना विचारलं, "आवं, नुसता बॉल आडवायचा कुनी पगार देतंय व्हय? आन बॉल येतो तरी कितीदा? ही तर नुसती उभीच असती."

कीपरनी त्यांना बाकावर बसवलं, शेंगदाणे पुढे केले.

"तुमी मेंढरं राखताय. लांडगा रोज येतो?"

"रोज कशाला येतोय. वरसातनं एकांदा."

"मग तुमी रोज कशाला जागं ऱ्हाताय?"

वडिलांनी शेंगदाणे खाल्ले. बराच वेळ दोघं हळदीच्या पोत्यांची चढउतार बघत बसले. जाताना वडील मला म्हणाले, "मानूस बरा हाय." स्थळांचा विषय त्यांनी पुढची दोन वर्षं काढला नाही.

कीपरबद्दल मला एका गोष्टीचं कुतूहल होतं, आणि तेच ते कधी पुरं होऊ देत नसत. गोव्यात तुम्ही किती मॅच खेळलात, कुणाविरुद्ध, अवघड फॉरवर्ड कोण, असं काहीही विचारलं की "लय" म्हणायचे. "लय मॅच, लय फॉरवर्ड." बाकी बोलायला एरवी कंटाळत नसत. कुठल्या मैदानावर दुपारचं ऊन कुठल्या खांबावर येतं, पावसात बॉल किती जड होतो, कुठल्या खेळाडूने कुठल्या पायात जुना बूट घातला होता, सगळं पाठ. मॅचचं मात्र काही नाही. मला वाटायचं, विनय असेल.

मी तेवीस वर्षांची असताना दोन क्लबांची बोलावणी आली. एक बंगळूरचा मोठा क्लब. पगार चांगला, राहायची सोय, परदेशी कोच. पण त्यांच्याकडे नावाजलेली कीपर आधीच होती, मी दुसरी. दुसरा ओडिशातला छोटा क्लब, पगार निम्मा, पण पहिल्या मॅचपासून मी गोलात. मी बंगळूरचं पत्र नाचवत दुकानात गेले. कीपरनी दोन्ही पत्रं वाचली.

"ओडिशाला जा."

"आवं कीपर, हितं किती शिकायला मिळंल!"

"शिकून काय करनार?"

"संधी आली की खेळणार."

"ओडिशाला जा," ते परत म्हणाले आणि बॉल शिवायला लागले. मी वाद घातला. कारण विचारलं. त्यांनी सुई खाली ठेवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी रागाने निघून आले आणि बंगळूरची सही केली. मी गाडीत बसले तेव्हा ते आले नाहीत.

बाकावर बसणं काय असतं, ते मला तिथे कळलं. सराव सगळा, आहार सगळा, मॅचच्या दिवशी मोजे-बूट सगळं चढवायचं, आणि दोन तास बसायचं. पहिले तीन महिने वाईट वाटतं. मग सवय होते, आणि सवयीत एक सुख असतं. पहिल्या कीपरवर गोल झाला की आपल्याला कुणी बोलत नाही. आपला एकही गोल जात नाही. दुसऱ्या हंगामात मी बाकाच्या टोकाची जागा धरून बसायला लागले होते. का, ते मला कळलंही नाही.

क्लबात खेळाडूंचे बूट-कपडे सांभाळणारे एक वयस्कर गोवेकर होते. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलेलं, आधी गोव्यातल्या पुरुषांच्या क्लबात. बोलता बोलता मी आमच्या कीपरबद्दल सांगितलं, त्यांच्या क्लबाचं नाव घेतलं. त्यांचे डोळे चमकले.

"रहिमतपूरचा? उंच? निळी बॅग?"

"तेच!"

"अरे, फार चांगला माणूस. आमच्याकडे सात वर्षं होता. माझ्याबरोबर बूटसुद्धा पुसायचा."

"कसे खेळायचे?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "सरावात तर त्याला गोल मारणं मुश्कील. पण खेळला कुठे? आमचा पहिला कीपर लोखंडासारखा, कधी जखमी व्हायचा नाही. एकदाच वेळ आली होती, त्या दिवशी हा आजारी पडला. नशीब बघ."

सात वर्षं, आणि एकही मॅच नाही. त्या दिवशी सरावात माझं लक्ष लागेना. ज्या माणसाने मला गोलात कुठे उभं राहायचं ते वीतभर मोजून शिकवलं, तो स्वतः कधी उभाच राहिला नव्हता. मला फसवल्यासारखं वाटलं. पत्रावरून आलेला राग निवल्यापासून दर रविवारी मी त्यांना फोन करायचे, तो बंद केला. त्यांचा एकदा आला, मी उचलला नाही.

असे दीड-दोन महिने गेले आणि एका दुपारी सरावात आमच्या पहिल्या कीपरचा खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी मॅच. कोच माझ्याकडे आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, उद्या तू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खोलीत गेले आणि पलंगावर बसले. हात गार पडले होते. कपाळाला लावून बघितले, तर वाटलं ताप असावा. डॉक्टरला सांगावं का, असा विचार आला, आणि त्या विचाराने इतकं बरं वाटलं की मी घाबरले. फोन घेतला.

"कीपर, उद्या मला उभं करनार हायत."

"बरं." राग नाही, इतके दिवस कुठे होतीस नाही.

"मला ताप आल्यासारखं वाटतंय."

पलीकडून यार्डातल्या टेंपोचा हॉर्न तेवढा ऐकू आला. मग त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, ते कळलं.

"माजं पोट दुखलं हुतं," ते म्हणाले.

मी पलंगावरून उठले.

"गोव्यात. पहिल्या कीपरला पिवळी कार्डं मिळाली, त्यो त्या मॅचला भाईर. सेमीफायनल. मी सात वरसं त्याच दिसाची वाट बगत हुतो. सकाळी बूट घातलं, नाडी बांधली, आन हात हलायला लागलं. थांबंनात. कोचला जाऊन म्हनलो, पोट दुखतंय."

"खरंच दुखत हुतं?"

"न्हाई." ते थांबले. "औशीद दिलं त्येंनी. त्ये बी पिलो गड्या. न दुखनाऱ्या पोटाचं औशीद."

"मग?"

"मग काय. तिसरं एक पोरगं हुतं, त्ये उभारलं. आमी जिंकलो. मला कुनी एक शबुद बोललं न्हाई. उलट येऊन इचारत हुते, आता बरं वाटतंय का. कुनी शिवी दिली असती तर सुटलो असतो. म्हयन्याभरात मी गाव गाठलं."

मग तेच म्हणाले, "मानूस तयारी करत बसला की तयारीच करत बसतो. तुला ओडिशाला जा म्हनलो त्ये त्याच्यासाठी. पर त्ये सांगायचं तर ह्ये सांगाय लागलं असतं. तोंड उगडंना."

"आता काय करू?"

"वाईट खेळ. पाच गोल खा. पर उभी ऱ्हा."

मी उभी राहिले. पहिला गोल आठव्या मिनिटाला गेला. कॉर्नरला मी उगाचच पुढे धावले आणि बॉल माझ्या डोक्यावरून मागे उभ्या त्यांच्या मुलीकडे. दुसरा त्याहून लाजिरवाणा, सरळ हातात आलेला बॉल निसटून पायांतून आत गेला. हजारो लोक हसले तर कसं ऐकू येतं, ते तेव्हा कळलं. गंमत अशी की त्यानंतर हात गार राहिले नाहीत. आता आणखी काय होणार होतं? उरलेला वेळ मी घाटावर ओरडायचे तशी ओरडत होते. चार बॉल सरळ छातीवर आले, कुणाच्या लक्षातही आले नाहीत. आम्ही एकाविरुद्ध दोन गोलांनी हरलो. कोच रागावला, पण पहिलीचा खांदा बरा होईपर्यंत त्याने मलाच उभं केलं. हंगाम संपल्यावर मी स्वतःहून ओडिशाच्या त्या क्लबाला फोन लावला. जागा अजून होती.

मे महिन्यात सांगलीला आले ती थेट कीपरकडे. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधी जेवले नव्हते. गावभागात दोन खोल्या. कीपरची बायको, म्हणजे काकी, बुटक्या, गोऱ्या, सारख्या हसणाऱ्या. त्यांनी अख्खा मसूर आणि गरम भाकरी केली होती. समोरच्या भिंतीवर गोव्याच्या क्लबाचा फोटो, मागच्या रांगेत टोकाला कीपर. मी फोटो बघतेय म्हटल्यावर काकी तव्यावरची भाकरी उलटत बोलायला लागल्या.

"त्या टायमाला सेमीफायनल हुती बघ. ह्येंच्या पोटात कळ येत हुती, उभं ऱ्हावंना. कोच म्हनला, नगो खेळू. पर ह्येनी ऐकलं न्हाई. तसंच उभारलं. शेवटच्या मिंटाला दोन बॉल आडवलं. एक ह्या हातानं, एक पायानं. लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं ह्येस्नी."

मी ताटातून वर बघितलं नाही. कीपरही भाकरीचा तुकडा नुसता मसुरात फिरवत होते.

"कुनी बी पाव्हना आला की मी सांगती," काकी म्हणाल्या. "लग्नाच्या वख्ताला ह्येनी एकदा सांगितलं त्येवडंच. स्वता तर तोंड उगडत न्हाईत."

कीपरनी तुकडा खाली ठेवला.

"मी खेळलो न्हवतो त्या दिशी," ते म्हणाले. "पोट बी दुखत न्हवतं."

काकींनी भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याजवळ उभी केली. ती टम्म फुगेपर्यंत थांबल्या.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"कवापास्नं?"

"लगीन झालं त्येच्या फुडल्या वरसाला, जत्रंला तुमचा गोव्याचा दोस्त आला न्हवता का? त्यो सांगून गेला."

कीपर त्यांच्याकडे वळले. "मग इतकी वरसं बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा सांगताय, बगत हुते."

"आन येईल त्या पाव्हन्याला सांगत हुतीस त्ये? हातानं एक, पायानं एक?"

"त्ये व्हय?" काकी पदराने घाम पुसत हसल्या. "त्ये मला आवडतंय म्हनून सांगती."

कीपर ताटावरून उठले आणि मोरीत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू राहिला. काकींनी फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली, वर तूप सोडलं आणि पाट ओढून माझ्यासमोर बसल्या.

"तू खरंच उभारलीस न्हवं तुज्या मॅचला?"

"व्हय काकी."

"गोल किती खाल्लंस?"

"दोन."

नळ बंद झाला. कीपर ओल्या तोंडाने बाहेर आले आणि काकींच्या शेजारी, भिंतीला टेकून बसले.

"मग सांग," काकी म्हणाल्या. "पयल्यापास्नं सांग. जिकल्याली मॅच ह्या घरात लय झाली. आता हरल्याली ऐकू दे."